डांबरावरचा चुना

न्हाव्याच्या दुकानाची पाटी आमच्या ह्यांनी पांढऱ्यावर पिवळ्या रंगानं लिहिली, आणि गावाला आठ दिवस पुरेल इतकं हसू फुकटात मिळालं.

सकाळी पाटी टांगली. न्हावी रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला, डोळे बारीक केले, अलीकडे आला, परत पलीकडे गेला. मी शिडी धरून उभी होते. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "वहिनी, पाटी कोरीच टांगलीत की काय?"

खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या गालावर साबण घेऊन बाहेर आलं. "कोरी कशी? नीट बघ, दुधावर सायीनं लिहिलंय," असं म्हणून ते फिदीफिदी हसलं. मग काय, येणारा-जाणारा थांबून मान वाकडी करू लागला.

हे शिडीवर होते. खाली बघेनात, वर बघेनात. कुंचल्यातला रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला तरी पुसला नाही. ज्या माणसानं तीस वर्षं नाकावर माशी बसू दिली नाही, त्याची ती दशा मला बघवेना.

"हसायला काय झालं?" मी म्हटलं. "हा पहिला हात आहे. उद्या काळी कड येईल, मग बघ दुकान कसं उठून दिसतं. तू तुझा वस्तरा सांभाळ, गिऱ्हाईकाचा गाल वाळतोय."

परत हसू झालं, पण ते न्हाव्याच्या वाट्याला गेलं. दुसऱ्या दिवशी काळी कड मीच ओढली. माझा हात अक्षरांचा नाही. कड जाडजूड झाली, एक वेलांटी फुगली. पण नाव वाचता येऊ लागलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे असं डॉक्टरनं सांगितलंय. कापायचा, पण नंबर लागायला पावसाळा उलटणार. काळ्यावर पांढरं असलं तर ह्यांना अजून दिसतं. फिक्यावर फिकं असलं की संपलं. रंग ओला असतो तेव्हा चमकतो, तोवर वाटतं लिहिलंय. वाळला की भिंत कोरी. हे गावाला कळलं तर हातचं काम जाईल, म्हणून मी गप्प आणि हेही गप्प. झाकली मूठ.

आमच्या घरात कामाची वाटणी ठरलेली. चुना माझा, अक्षर त्यांचं. मी खडे भिजवायचे, उकळी निवली की फडक्यानं गाळायचा, डिंक घालायचा आणि भिंतीला दोन हात द्यायचे. माझ्या बोटांना बारा महिने भेगा. भिंत पांढरीशुभ्र झाली की हे यायचे, कानावर खडू, धुतलेला सदरा, आणि गाव म्हणायचं, वा रंगारी! चुन्याला कुणी वा म्हणत नाही. असो.

या दोन कामांच्या मध्ये तिसरं एक होतं, दोरी धरण्याचं. निळीत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणायची, दोघांनी दोन टोकं धरायची, मध्ये टिचकी मारली की सरळ रेघ उठते. ते काम काजळीचं. काजळी म्हणजे आमची एकुलती मुलगी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे. रांगत होती तेव्हा दिव्याची काजळी बोटानं काढून तोंडाला फासायची, म्हणून हेच तिला काजळी म्हणायला लागले. तीन वर्षं झाली ती घर सोडून गेल्याला. तेव्हापासून दोरीचं दुसरं टोक हे खिळ्याला बांधतात. मी म्हटलं होतं, मी धरते. तर म्हणाले, "तुझा हात हलतो." तीस वर्षं भिंती सारवल्या, माझा हात कधी हलला नाही. पण मुलीचा राग आईवर निघतोय असं समजून मी मुकाट्यानं खिळा ठोकून दिला.

ती का गेली ते गावाला पाठ आहे. तुम्हालाही सांगते.

पावसानं पाठ फिरवल्याचं ते पहिलं वर्ष. पाणीखात्यानं रस्त्याकडेच्या भिंतींवर मजकूर लिहून घ्यायचं ठरवलं. गाडीथांब्यासमोर तेलाच्या गिरणीची लांबलचक भिंत आहे, तीही त्यात होती. थेंब थेंब वाचवा असं मोठ्या अक्षरांत, एक निळा नळ, खाली हसरं कुटुंब. त्याच आठवड्यात ह्यांना ताप भरला. मी चुना देऊन ह्यांच्या उशाशी येऊन बसले आणि भिंत पोरीवर सोपवली. तिनं नळ काढला नाही की कुटुंब काढलं नाही. गिरणीच्या छपराला लावून उरलेलं डांबर पडलं होतं, ते तिनं पातळ केलं आणि सबंध भिंत काळी करून टाकली. एका टोकाला, गुडघ्याच्या उंचीवर, वीतभर जागा तेवढी राखली. तिथं अक्षरं रंगवली नव्हती, अक्षरांच्या भोवतीनं डांबर फिरवलं होतं. खालचा माझा चुनाच अक्षर होऊन राहिला होता. एकच शब्द: तहान.

मी बघायला गेले तेव्हा घागरी घेतलेल्या बाया तिथं थांबल्या होत्या. गिरणीवाल्याची म्हातारी आई समोरच्या दगडावर बसली होती, रिकामी घागर मांडीवर घेऊन. एवढ्या काळ्यात तो एवढासा शब्द, वाचायला वाकावं लागायचं. वाकलं की घशाला कोरड पडायची. खरं सांगते, मला माझ्याच पोटच्या पोरीची भीती वाटली, आणि छाती फुगली ती वेगळीच.

पाणीखात्याचा साहेब गाडीतून उतरला आणि म्हणाला, "ही काय शोकसभा आहे?" ह्यांना तापातून उठवून आणलं. घोंगडं पांघरून हे भिंतीसमोर उभे राहिले, बराच वेळ. काजळी म्हणाली, "बाबा, सगळी भिंत बोलायला लागली की कुणी ऐकत नाही. भिंत गप्प ठेवली, म्हणून एक शब्द ऐकू येतोय. काळं नसेल तर पांढरं मुकं, हे तुम्हीच म्हणायचात ना?"

सगळं गाव ऐकत होतं. साहेब घड्याळ बघत होता. हे म्हणाले, "मी तुला लिहायला शिकवलं, रडायला नाही." माझ्या बादलीतला कुंचला उचलला आणि पहिला फटका त्या शब्दावरच मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती गेली. मी गाडीत पाण्याची बाटली दिली. हे घरातून बाहेर आले नाहीत.

आता डांबरावर चुना मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. डांबर खालून वर येतं, चुना तपकिरी पडतो आणि पापुद्रे सुटतात. त्यावर उपाय एकच, आधी लाखेचा हात द्यायचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख मारली की खालचं काही वर येत नाही. हे कालच्या रंगाऱ्यालाही ठाऊक असतं. ह्यांनी त्या दिवशी लाख मारली नाही. रागाच्या भरात माणूस रीत विसरतो, असं मी मनात म्हटलं आणि मूग गिळून बसले. मी आठवण करून दिली असती तर शब्द कायमचा गेला असता.

पुढच्या उन्हाळ्यात भिंत तपकिरी पडली. जिथं डांबर नव्हतं तिथला चुना पांढरा राहिला. तपकिरीत पांढरा शब्द, जसाच्या तसा. लोक म्हणाले, "रंगारी, पोरीपुढं तुमचा चुना हरला." ह्यांनी पुन्हा चुना मारला, पुन्हा लाखेशिवाय. मी पुन्हा गप्प. पोरगी गेली तर गेली, तिचा शब्द तरी रस्त्यावर राहू दे.

मग डोळे गेले आणि एक नवंच सुरू झालं. थांब्यावरून जाताना हे मान दुसरीकडे फिरवायचे, आणि पाच पावलं पुढं गेल्यावर विचारायचे, "वर आलंय का?"

शब्द तर माझ्या डोळ्यांसमोर. पण हो म्हटलं तर या खेपेला लाख मारतील, या भीतीनं मी म्हणायचे, "नाही हो. स्वच्छ पांढरी आहे."

"हं," म्हणायचे. त्या दिवशी ह्यांना जेवण जायचं नाही. मला वाटायचं, उन्हामुळे.

यंदा तर दुष्काळात तेरावा महिना. तळ्याच्या तळाला भेगा, विहिरीत गाळ, आणि दिवसाआड टँकर. दुकानं रंगवायला कुणाला सुचतंय? न्हाव्याची ती पाटी तेवढी झाली, आणि मग पाणीखात्याचंच काम आलं. पुन्हा बारा भिंती, पुन्हा थेंब थेंब वाचवा, पुन्हा हसरं कुटुंब. बाराव्या नंबरला गिरणीची भिंत.

पाणी वाचवा हे लिहायला चुना लागतो आणि चुन्याला पाणी लागतं. एका भिंतीला सहा घागरी. घरटी चार मिळायच्या. मी रांगेत दोनदा उभी राहिले तर मागची बाई ओरडली, "माणसांच्या घशाला नाही, आणि ही बया भिंतींना पाजतेय!"

"मला काय हौस आलीय?" मी म्हटलं. "पाणीखात्याला जाऊन सांग की, कोरड्या भिंतीवर थुंकून लिहा म्हणावं."

बाया हसल्या, पण मला जागा कुणी दिली नाही. शेवटी घागरी ओढ्यातल्या गाळाच्या पाण्यानं भरल्या आणि ते तीनदा गाळलं. आम्ही दोघांनी आंघोळी सोडल्या. माझ्या केसांत चुना, ह्यांच्या दाढीत निळा रंग. भिंतीला नाक लावल्याशिवाय ह्यांना रेघ दिसायची नाही, त्यामुळे निळा नळ रंगवून झाला की नाकाचा शेंडाही निळा. मी मागं उभी राहून सांगायचे, "वर घ्या. जरा डावीकडे. अहो डावीकडे, तो तुमचा उजवा हात आहे!"

"मला शिकवू नकोस."

"मग हसऱ्या बाईला तीन डोळे काढा. माझं काय जातंय?"

अशा अकरा भिंती झाल्या. रोज पहाटेपासून कामाची घाई, तरी आठच्या सुमाराला हे कुंचला ठेवून म्हणायचे, "जरा पाय मोकळे करून येतो." ही तीन वर्षांची सवय. यायला अर्धा-पाऊण तास, तोवर माझा चहा गार. दिवसभर शिडीवर उभा राहणारा माणूस, त्याला पाय मोकळे करायला वेगळं जावं लागतं! मी बोलायचे, हे गार चहा प्यायचे.

रविवारी दुपारी काजळीचा फोन यायचा. शहरात ती नाटकाचे पडदे रंगवते. मी ओट्यावर बसून बोलायचे. हे आत डब्यात रंग ढवळत असायचे. फोन वाजला की ढवळणं थांबायचं. तिचा आवाजही ह्यांना नकोसा होतो, म्हणून हात थांबतो, असं मी धरून चालले होते.

"बाबा बोलतायत का?" ती दरवेळी विचारायची.

"कामात आहेत गं."

"आणि भिंत?"

मी आवाज उतरवायचे. "आहे. परत वर आलाय शब्द."

त्या रविवारी ती म्हणाली, "आई, बाबांनी लाख कशी मारली नाही अजून?"

"विसरले असतील."

"बाबा? लाख विसरले?" फोन ठेवल्यावर आतून डब्यात काठी फिरल्याचा आवाज सुरू झाला. तिला बघून तीन वर्षं झाली होती. जाताना तिनं केस बांधले नव्हते. आता बांधत असेल का, एवढं साधं मला माहीत नव्हतं, आणि ते फोनवर विचारायचं तरी कसं?

बाराव्या भिंतीच्या दिवशी गिरणीवाला आधीच दारात उभा होता. हातात डबा.

"वहिनी, ही लाख. मीच आणलीय," तो म्हणाला. "आधी लाखेचा हात, मग तुमचा चुना. दरवर्षी तीच तहान वर येते आणि दरवर्षी मी साहेबाची बोलणी खातो. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. गवंडी बोलावलाय, सिमेंटचा गिलावा मारून मोकळा होतो."

मी ह्यांच्याकडे बघितलं.

"मारू," हे म्हणाले.

गिरणीवाला आत गेला. ऊन चढलं होतं. मी डबा उघडला, स्पिरिटचा वास नाकात गेला. हे समोरच्या दगडावर, म्हातारी बसायची त्या दगडावर, भिंतीकडे पाठ करून बसले. म्हातारी गेल्या वर्षी गेली.

"कुठून सुरू करू?" मी विचारलं.

"कुठूनही कर. काही वर आलेलं नाहीच म्हणतेस, मग काय फरक पडतो?"

मी कुंचला बुडवला. शब्द माझ्या गुडघ्याशी होता. दोन थर चुन्याखालून आलेला, कडा थोड्या पिवळट, पण 'त' तसाच ठसठशीत. मी कुंचला उचलला आणि माझा हात खरंच हलू लागला. लाखेचे थेंब पायावर पडले. एक हात फिरवला की संपलं. मग रविवारी ती विचारणार, भिंत? आणि मी काय सांगू?

"अहो," मी म्हटलं. "मी खोटं बोलत होते. वर आलंय."

मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी परत म्हटलं, "शब्द आहे इथं. वर्षभर आहे. काय करायचं ते तुम्ही तुमच्या हातानं करा, माझ्यानं होत नाही. माझ्या पोरीला मी दोनदा पुसणार नाही."

ते उठले. "कुठंय?"

मी हात धरून नेलं. ते गुडघ्यांवर बसले, गुडघे कटकन वाजले. तळवा भिंतीला लावला तशी डांबरावरच्या चुन्याची खपली त्यांच्या मांडीवर पडली. हात सरकत सरकत पांढऱ्यावर आला. तिथला चुना घट्ट होता. ते थांबले. बोटानं 'त' चाचपला, मग 'ह', मग काना वरून खाली.

"काना लांब ओढलाय," ते म्हणाले. "शंभर वेळा सांगितलं होतं तिला, काना खाली ओढू नकोस म्हणून."

बोट 'न'वर गेलं आणि तिथंच राहिलं. हे रडत होते. लग्नाला तीस वर्षं झाली, आई गेली तेव्हाही ह्यांचे डोळे कोरडे होते. रस्त्यावरून माणसं जात होती, थांब्यावर दोघं-तिघं बसले होते, आणि ह्यांना कशाचीच पर्वा नव्हती.

"मग दरवेळी 'नाही' का म्हणायचीस?"

"तुम्ही लाख मारली असती म्हणून!"

"वेडी आहेस का तू?" त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, डोळे माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठंतरी. "मारायची असती तर पहिल्याच दिवशी मारली नसती? डांबरावर नुसता चुना टिकत नाही हे मला ठाऊक नसेल? चार लोकांसमोर पुसावं लागलं मला. साहेब उभा होता, पोटाचा प्रश्न होता. पण परत वर येईल असंच पुसलं."

मी कुंचला खाली ठेवला. तीन वर्षं मला वाटत होतं, हे विसरले आणि मी सांभाळलं. तीन वर्षं ह्यांना वाटत होतं, आपण एकट्यानं सांभाळलं. एका घरात, एका चुलीपाशी बसून आम्ही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. असली माणसं शोधून सापडायची नाहीत.

"मला सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं.

"तू तिला सांगितलं असतंस."

"मग बिघडलं काय असतं?"

त्यांनी बाहीनं नाक पुसलं, नाकाचा निळा रंग गालावर गेला. "दरवेळी तू नाही म्हणायचीस," ते हळूच म्हणाले, "आणि मला वाटायचं, धरलं चुन्यानं. आता संपलं. आता ती कशाला येते?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लग्नाच्या बायकोनं भर रस्त्यात नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवलेला आमच्या गावानं पहिल्यांदाच बघितला असेल. बघू दे.

तेवढ्यात गिरणीवाला बाहेर आला. "झाली का लाख? अजून डबा भरलेलाच!"

हे उठले. "ही भिंत सोडा," म्हणाले. "अकरा भिंतींवर नळ आहे, कुटुंब आहे, हसतंय. हिच्यावर मी नवीन डांबर देतो. शब्द आहे तसा राहील."

"डोकं फिरलं का तुमचं? साहेब आला तर?"

"माझं नाव सांगा. लेखी पाहिजे तर भिंतीवरच लिहून देतो."

"अहो, पण पुन्हा तेच काळं! माझ्या दाराला!" गिरणीवाला चिडला होता. हातवारे करत तो दगडाकडे वळला आणि त्याचे हात खाली आले. तो दगडाकडे बघत राहिला. "आई शेवटपर्यंत इथं येऊन बसायची," तो म्हणाला. "धड दिसत नव्हतं तिला. तरी म्हणायची, मला त्या पोरीच्या भिंतीसमोर ने." त्यानं मान खाजवली. मग लाखेचा डबा उचलला, झाकण दाबून बसवलं. "साहेब आला की मी तुमचंच नाव सांगणार हं," असं म्हणत आत गेला.

उन्हं कलायला लागली तरी हे भिंतीपाशीच. लहान पोर पाटी चाचपतं तसे खपल्या काढत बसले होते, हळूहळू, कडेला धक्का न लावता. मी बादल्या आवरत होते.

"फोन लाव," ते म्हणाले.

"आज रविवार नाही."

"लाव म्हणतो ना!"

मी लावला. ती घाबरीघुबरी. "आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?" मी काही न बोलता फोन ह्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला, मी सुलटा करून दिला. त्यांनी घसा खाकरला. एकदा, दोनदा.

"डांबर पातळ करायला काय घातलं होतंस?"

मी कान जवळ नेला.

"रॉकेल," काजळी म्हणाली. "पण ऊन उतरल्यावर घालायचं, बाबा. उन्हात ओघळतं."

"हं. आणि कडा? पुठ्ठा लावला होतास?"

"नाही. हातानंच."

"दिसतंय," हे म्हणाले. बोट 'न'च्या काठावर होतं. "बरी आहे कड. काना लांब झालाय."

ती हसली की रडली, मला कळलं नाही. हे मग एका दमात म्हणाले, "मला आता नीट दिसत नाही गं. तुझी आई कड जाड ओढते. भिंत लांब आहे, आणि दोरी धरायला माणूस नाही."

एरवी माझी कड जाड म्हटलेलं मी ऐकून घेतलं नसतं.

फोनमधून शहराचा आवाज येत होता, गाड्यांचा, माणसांचा. मग ती म्हणाली, "बाबा, आपल्याकडची सकाळची गाडी अजून आठलाच येते का?"

"पाटीवर आठ लिहिलंय," हे लगेच म्हणाले, विचारसुद्धा न करता. "येते आठ वाजून वीस मिनिटांनी. पावसाळ्यात साडेआठ. पुढच्या दारानं उतर, मागचं दार वर्षभर अडकतंय."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आठ वाजता पाय मोकळे करायला म्हणून जाणारा हा माणूस तीन वर्षं रोज कुठं जाऊन उभा राहत होता, ते मला त्या दिवशी कळलं. आणि मी मेली गार चहावरून भांडत होते.